काकांची जर्मन मंडळी

इंग्लंडमध्ये मेडनहेडला मी ज्या काका-काकूंच्या घरी भाड्यानं राहत होते, त्या घरात माझ्या आधीपासून सात जर्मन माणसं राहत होती. ती जिवंत नव्हती, म्हणून बाथरूमसाठी नंबर लावत नसत, एवढंच. बाकी त्यांचा वावर भरपूर होता. डायनिंग टेबलाच्या वर भिंतीवर एक भलामोठा जुना फोटो टांगलेला होता आणि त्यातून ती सातही जणं रोज संध्याकाळी आमच्या ताटात काय वाढलंय ते बघत बसायची.

पहिल्या दिवशी काकांनी माझी बॅग जिन्याशी ठेवली आणि मला सरळ त्या फोटोसमोर उभं केलं. म्हणाले, "आधी ओळख करून घे. मग खोली बघ."

मी मूळची नागपूरची, पुण्याच्या कंपनीतून वर्क व्हिसावर आलेली. विमानाचा थकवा अंगात होता आणि पोटात भूक होती. तशीच उभी राहून मी ओळख करून घेतली. मधोमध खुर्चीत बसलेले, पांढरी दाढी, ते मालक. त्यांच्या शेजारी पोटावर घड्याळाची साखळी रुळतेय ते चेअरमन. मालकांच्या मागे वहिनी. दंड जाड, मिशा त्याहून जाड, ते मिस्त्री. कपाळाला आठ्या घालून उभ्या आहेत त्या आत्याबाई, स्टोअररूमच्या किल्ल्या यांच्याकडे. अगदी कडेला नवा सूट घालून, खिशात हात घालून उभा आहे तो जावई. आणि वेण्या घातलेली ती धाकटी, हिनं विमानाच्या पंखांचं कापड शिवलं.

"ह्यांची खरी नावं काय?" मी विचारलं.

"ते सापडेल हळूहळू," काका म्हणाले. "तोवर हाक मारायला काहीतरी नको का?"

मागे अर्धवट बांधलेलं विमान होतं आणि त्याच्यावर एका जर्मन विमान कंपनीची पाटी होती. काका त्या कंपनीचं नाव क्वचितच घ्यायचे. 'आपली फर्म' म्हणायचे. आपल्या फर्मबद्दल जगातल्या सगळ्या पुस्तकांत मिळून दोन परिच्छेद आहेत आणि ते काकांना तोंडपाठ होते. पहिल्या महायुद्धाच्या जरा आधी एका लहानशा गावात सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसानं विमानं बनवायला घेतली. बीटपासून साखर काढणाऱ्या एका कारखानदारानं भांडवल घातलं. त्यातलं एक विमान एका हौशी इंग्रजानं विकत आणून मेडनहेडजवळच्या मैदानावर उडवलं. मालक स्वतःचंच विमान चालवताना पडून गेले. युद्ध संपल्यावर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली आणि कारखान्याला कुलूप लागलं. दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एवढंच होतं की कारखान्यात 'सुतार, शिंपिणी इत्यादी कामगार' होते.

काकांचं डोकं फिरलं ते ह्या चार शब्दांनी.

"इत्यादी म्हणजे कोण गं?" ते मला विचारायचे, जणू ते वाक्य मीच लिहिलंय. "विमान काय मालकांनी एकट्यानं केलं? तेव्हाचं विमान म्हणजे काय, लाकडाची खाट आणि तिच्यावर ताणून शिवलेलं कापड. ते शिवलं कुणी? इत्यादीनं?"

वास्तविक काकांचा आणि विमानांचा काडीचा संबंध नव्हता. ते मूळचे वाईचे. सगळी नोकरी कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात इंजिनिअर म्हणून झाली. जन्मभर जमिनीखाली बघितलेल्या माणसाला म्हातारपणी आकाशाचं वेड का लागावं, हे मी त्यांना तीनदा विचारलं आणि मला तीन वेगळी उत्तरं मिळाली. एकदा म्हणाले, लहानपणी शेतात पडलेलं विमान पाहिलं होतं. एकदा म्हणाले, जर्मन लोकांची ड्रेनेज उत्तम असतात. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुला काय करायचंय?"

खरं उत्तर काकूंनी दिलं. "सेकंडहँड लॉनमोअर आणायला कार बूट सेलच्या जुन्या बाजारात गेले होते. येताना हा फोटो घेऊन आले. त्या वर्षी गवत माझ्या गुडघ्याला लागत होतं."

फोटोत कोण कोण आहे हे काकांनी कसं ओळखलं, ह्याचं शास्त्र ऐकण्यासारखं होतं. "ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर कोण बसतं? शाळेत हेडमास्तर. बँकेत मॅनेजर. म्हणजे हे मालक. खुर्चीला हात लावायची हिंमत कुणाची? चेअरमनची. आणि फोटोला येऊन उपकार केल्यासारखा कडेला कोण उभा राहतो? जावई." आपल्याकडच्या निरोपसमारंभांच्या फोटोंचा हा नियम त्यांनी जसाच्या तसा जर्मनीला लावला होता आणि तो चुकू शकेल असं त्यांच्या मनातही येत नव्हतं.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या वस्तूत चुका काढणं हा माझा धंदा, आणि तो घरी आल्यावरही सुटत नाही. दुसऱ्याच आठवड्यात जेवताना मी म्हणाले, "काका, सुताराच्या कारखान्यात ह्यांचे बूट इतके चकचकीत कसे?"

"फोटोसाठी पुसले असतील."

"सातही जणांनी?"

"अगं, जर्मन आहेत ते!" असं म्हणून काकांनी आमटी ओरपली. विषय संपला.

काकांबरोबर विषय असाच संपायचा. घरातही टाय लावून बसायचे. फोनवर बँकेच्या मुलीशी बोलतानासुद्धा "आमच्या फर्ममध्ये असं चालत नसे" म्हणून मोकळे व्हायचे. काकूंनी भाजीत मीठ जास्त घातलं की आत्याबाईंकडे बघून मान हलवायचे. काकू त्या नजरेवरच जास्त चिडायच्या.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी उशिरा उठून खाली आले तर स्वयंपाकघरात खिरीचा वास. ओट्यावर पुऱ्या लाटून ठेवलेल्या.

"काय आहे आज काकू?"

"मालकांचं आहे," काकू तळणीवरून मान वर न करता म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला. त्या दिवशी त्या सायकल दुरुस्त करणाऱ्या जर्मन माणसाची पुण्यतिथी होती. काका ती दर वर्षी पाळायचे. "सख्ख्या वडिलांचं कधी केलं नाही हो ह्यांनी," काकू सांगत होत्या. "सासूबाई सांगून सांगून थकल्या. तेव्हा म्हणे माझा विश्वास नाही. आणि ह्या सायकलवाल्याचं बघ, एक वर्ष चुकत नाही. वर भाजीत कांदा घालायचा. का, तर जर्मन माणसाला कांदा लागतो."

मी बौद्ध घरातली. श्राद्धपक्ष आमच्याकडे आजोबांच्या पिढीतच बंद झाले. मी काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, मी जेवेन, पण मला हे पटत नाही."

"मला तरी कुठे पटतं?"

"मग करता कशाला?"

"त्यांना मूलबाळ नव्हतं गं," काका म्हणाले आणि पान घेऊन बागेत गेले.

पान म्हणजे सुपरमार्केटमधली कागदी प्लेट. ती त्यांनी बागेतल्या खोपटाच्या छपरावर ठेवली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. ह्या भागात कावळ्यांपेक्षा लाल घारी जास्त. दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत असतात. त्यातली एक सूं करून खाली आली आणि अख्खी पुरी उचलून गेली.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस?" ते म्हणाले. "विमानवाल्या माणसाला कावळा कसा शिवेल?"

शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या. घारींना खायला घालू नये, कौन्सिलनं पत्रक काढलंय, वगैरे म्हणाल्या. काका नम्रपणे म्हणाले, "वुई आर नॉट फीडिंग. इट्स अ फॅमिली फंक्शन."

मराठी मंडळात काकांची दहशत होती. दिवाळीचा कार्यक्रम. गाणी झाली, नाटुकलं झालं, सेक्रेटरी आभार मानायला उभ्या राहिल्या. स्पॉन्सर, तबलजी, साउंडवाला, "आणि इतर सर्व कार्यकर्ते." तिसऱ्या रांगेतून काका उठले.

"इतर कोण?"

"काका, सगळेच हो. नावं किती घेणार?"

"जितकी आहेत तितकी."

मग घेतली नावं. बटाटे सोलणारे, खुर्च्या मांडणारे, कुणाचा तरी नवरा ज्यानं माइकची वायर पायानं दाबून धरली होती तो. हॉलचा केअरटेकर किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला तरी नावं चालू. दर वर्षी करंज्या भरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं नाव माइकवरून आलं तेव्हा त्या "अय्या" म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. पुढच्या वर्षीपासून कमिटीनं आभार कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठेवले, म्हणजे हॉलचं बुकिंग तरी वाचेल.

त्या हौशी इंग्रजानं उडवलेल्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती मेडनहेडच्या पुढे, एका जुन्या एअरफील्डच्या कडेला बनत होती. तिथे एक छोटंसं म्यूझियम आहे आणि म्यूझियमच्या मागे शेड. दर मंगळवारी आठ-दहा निवृत्त माणसं तिथे जमून काम करायची. त्यांचा म्होरक्या ब्रायन. जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त केलेला, बोलायला अगदी कमी. काका दर मंगळवारी डबा घेऊन शेडमध्ये हजर. सुरुवातीला त्यांच्या हातात व्हार्निशचा ब्रश दिला होता. काकांनी मन लावून पंखाच्या सगळ्या फासळ्यांना सगळीकडून व्हार्निश केलं. जिथे सरस लावून सांधे जोडायचे होते तिथेसुद्धा. व्हार्निशवर सरस धरत नाही. पुढचे दोन मंगळवार सगळे मिळून ते व्हार्निश खरवडत होते. तेव्हापासून काकांकडे किटली आली.

चहा करता करता काका गोष्टी सांगायचे. मिस्त्री आणि जावई एकमेकांशी बोलत नसत. धाकटीच्या बोटातून पहिल्या पंखावर रक्ताचा ठिपका पडला, तो तसाच आतल्या बाजूला ठेवून शिवला. आत्याबाई जुनी मोडकी सुई परत आणून दिल्याशिवाय नवी सुई देत नसत.

एका सुट्टीच्या दिवशी मी बरोबर गेले होते. "काका, ह्याला सोर्स काय?" मी मराठीत विचारलं.

"सोर्स काय सोर्स? चेहरा बघितलास ना तिचा? ती देईल फुकट सुई?"

शेडमधल्या इंग्रजांना मात्र सोर्सची गरज वाटत नव्हती. त्यांना 'आत्याबाई' म्हणता येत नव्हतं. ते 'आंटी' म्हणायचे. पण तिचा नियम त्यांनी उचलला होता. ड्रिलचं मोडकं टोक परत दिल्याशिवाय ब्रायन नवं टोक देत नसे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "टेक इट अप विथ आंटी."

विमान झालं. ते एका रविवारी लोकांसाठी उघडायचं ठरलं. शेजारी एक मोठं पॅनेल, त्यावर काकांचा तो फोटो, आणि मथळा 'विमानामागची माणसं'. आणि बोलणार कोण? काका. ब्रायननं स्वतः येऊन सांगितलं. इतकी वर्षं मंडळात, कौन्सिलमध्ये, घरात, कुठेच कुणी काकांना "तुम्ही बोला" म्हटलं नव्हतं. "आता पुरे" मात्र पुष्कळदा म्हटलं होतं. काका बाथरूममध्ये भाषणाची प्रॅक्टिस करायचे आणि मी बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभी असायची. पण त्यांचा तो आनंद इतका खरा होता की मी दार वाजवत नसे.

छापण्याआधी परवानगी घ्यावी म्हणून काकांनी फर्मच्या गावातल्या इतिहास मंडळाला फोटो ईमेलनं पाठवला. उत्तर यायच्या आत पॅनेल छापूनही झालं. मग एका हेल्गाबाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, त्याच गावच्या. मुलगा रेडिंगला असतो, त्याच्याकडे आल्या होत्या. फोटोबद्दल बोलायचंय, येऊ का?

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी त्या आल्या. काकूंनी बटाटेवडे केले होते. जर्मन माणसाला बटाटा चालतो ह्याबद्दल घरात दुमत नव्हतं. उंच, सरळ पाठीच्या, कोट हुकाला अडकवून त्या डायनिंग रूममध्ये आल्या, फोटोकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसायलाच लागल्या.

"ओमा!" त्या म्हणाल्या, आणि धाकटीवर बोट ठेवलं. "माय ग्रँडमदर!"

"अगं, ऐकलंस का," काका काकूंना म्हणाले, "धाकटीची नात आली!" मग हेल्गाबाईंकडे वळून, "शी स्टिच्ड द विंग्ज. येस?"

"विंग्ज?" हेल्गाबाईंना कळेना. "नो, नो. शी सोल्ड द ब्रेड."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना काय माहीत, आपण काय करतोय ते. गंमत म्हणून सांगत होत्या. ह्याच फोटोची एक प्रत त्यांच्या आईच्या घरी व्हरांड्यात लागलेली होती, लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर. गावात त्यांची बेकरी. फर्म रविवारी कारखाना लोकांना बघायला उघडा ठेवायची. तिकीट काढलं की विमानासमोर उभं राहून फोटो मिळायचा. सगळं घर नटूनथटून गेलं होतं. खुर्चीतले ते ओमाचे आजोबा, गुडघे धरलेले म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची आणवली. चेअरमन म्हणजे पिठाच्या गिरणीवाले मामा. मिस्त्री म्हणजे बेकरीवाले पणजोबा, ते दंड कणीक मळून जाड झालेले. वहिनी त्यांची बायको. आत्याबाई म्हणजे शेजारीण, न बोलावता बरोबर आलेली.

"आणि हा?" काकूंनी कडेच्या माणसावर हळूच बोट ठेवलं.

"ही मॅरीड द एल्डर सिस्टर," हेल्गाबाई म्हणाल्या. "नेव्हर वर्क्ड अ डे."

म्हणजे जावई तेवढा बरोबर निघाला होता.

"हॅव वन मोअर," म्हणून काकांनी वड्यांची बशी पुढे केली. मग हेल्गाबाईंना त्या परत जाईपर्यंत सगळं सांगितलं, आपण ह्यांना कोण समजत होतो, पुढच्या रविवारी काय आहे. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी काकांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, राहू द्या ना तसंच. माझ्या आजीला विमान बनवणारी म्हटलेलं फार आवडलं असतं. कुणाचं काय बिघडतंय?

त्यांना स्टेशनवर सोडून काका परत आले आणि टेबलाशी बसून राहिले. टाय सोडला नाही, दिवा लावला नाही.

काकूंनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "इतकी वर्षं एका बेकरीवाल्याच्या म्हाताऱ्याला जेवू घातलंत." कुणी हसलं नाही. मग त्याही खाली बसल्या. लांबच्या नातेवाइकाची बातमी आली की घरात विचारतात तसं त्यांनी अगदी हळू विचारलं, "आंघोळ करायची का आपण?"

काकांनी त्यावर खरंच विचार केला. "कुणाची? ही तर आहेतच इथे," ते फोटोकडे बघत म्हणाले. "गेले ते दुसरेच. त्यांना मी कधी पाहिलंच नाही."

मला त्या माणसाचं इतकं वाईट वाटलं की मी, चुका काढणं हा जिचा धंदा, मीच म्हणाले, "काका, हेल्गा म्हणतात तेच बरोबर आहे. पॅनेल छापून झालंय. कोण बघायला येतंय?"

"तू म्हणतेस हे?" काका म्हणाले. "तुझ्या ऑफिसात कळवू का?"

आठवडाभर बाथरूममधून भाषण ऐकू येईना. मंगळवारी शेडमध्येही गेले नाहीत. काकू मला ऑफिसात फोन करकरून विचारायच्या, "काय करतील गं हे?" मलाही माहीत नव्हतं. खरं सांगितलं तर आयुष्यातलं पहिलं भाषण हसण्यावारी जाणार. नाही सांगितलं तर काकांना पुन्हा त्या टेबलाशी बसून जेवण गेलं नसतं.

रविवार आला. शेडच्या मंडळींची घरची माणसं, मंडळातले झाडून सगळे, कौन्सिलचे कुणीतरी. हेल्गाबाई मागच्या रांगेत. ब्रायननं दोन वाक्यांत ओळख करून दिली. काकांनी पॅनेलवरचं कापड ओढलं, फोटोकडे बघितलं आणि इंग्रजीत, वाईच्या उच्चारात, बोलायला सुरुवात केली.

"हा फोटो नीट बघा," काका म्हणाले. "ह्यातल्या एकानंही विमान बनवलेलं नाही."

ब्रायनची मान हळूच वळली.

"ही बेकरीवाल्याच्या घरची माणसं आहेत. चांगली माणसं. मी रोज त्यांच्यासमोर जेवलोय. ही त्या मागे बसलेल्या बाईंची आजी. रविवार होता, म्हणून ती कारखाना बघायला आली होती. ज्यांनी विमान बनवलं ती ह्यात नाहीत. त्यांची सुट्टी होती. आठवडाभर राबून घरी झोपली असतील." ते पाणी प्यायले. "त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. नावंही नाहीत. मी तुम्हाला शेडमध्ये त्यांच्याबद्दल जे जे सांगितलं ते सगळं माझ्या मनातलं होतं. पंखावर रक्ताचा ठिपका नव्हता. सुई परत मागणारी बाई नव्हती. आय ॲम सॉरी."

आणि ते खाली बसले. पुरती दोन मिनिटंही बोलले नव्हते. काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. इंग्रज माणूस अशा वेळी छताकडे बघतो. सगळे छताकडे बघत होते.

ब्रायन उठला. त्यानं घसा साफ केला. "द नीडल रूल स्टेज," तो म्हणाला, आणि बसला.

तेवढ्यावर आधी कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. काका मात्र हसत नव्हते. ते आपले हात बघत बसले होते.

मंगळवारी मी घरून काम करत होते. काकांनी दार ठोठावलं. "लॅपटॉप मिट. शेडला चल."

"काका, माझी मीटिंग आहे."

"तिथून कर."

शेडमध्ये गेल्या गेल्या त्यांनी सगळ्यांना विमानासमोर उभं केलं. हात पुसायचे नाहीत, ॲप्रन काढायचे नाहीत. एकजण केस विंचरायला निघाला त्याला परत बोलावलं. कुणीतरी ब्रायनसाठी खुर्ची आणली, ती काकांनी स्वतः उचलून बाहेर नेऊन ठेवली. "नो चेअर." शेड झाडायला येणारी पोलिश बाई कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, आय ओन्ली स्वीप. काका म्हणाले, मग भुसा कुणी काढला? तिला ब्रायनच्या शेजारी उभं केलं.

"तू पण," मला म्हणाले.

"मी काय केलं काका?"

"तू बुटांबद्दल विचारलं होतंस. जा, उभी राहा."

मी उभी राहिले. कानात मीटिंग चालू होती. काकांनी फोन समोर धरला. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा आला, दुसरा चांगला आला. मग कागद काढून त्यांनी प्रत्येकाचं पूर्ण नाव विचारून विचारून लिहून घेतलं. पोलिश बाईंचं स्पेलिंग चारदा विचारलं. बेकरीवाल्यांचा फोटो पॅनेलवरून काढला नाही. त्याच्याखाली ती खरी कोण आहेत ते हेल्गाबाईंनी लिहून दिलं, आणि शेजारी हा मंगळवारचा फोटो लागला.

त्यानंतर वर्षभरात काका-काकू मुलीजवळ लेस्टरला राहायला गेले. मी स्टॅनमोरला आले. फोनवर काका विचारायचे, "तुझ्या कंपनीनं नवीन काही केलं की नाव कुणाचं लागतं गं?" मी म्हणायचे, "कुणाचंच नाही." मग ते माझ्या मॅनेजरचा नंबर मागायचे.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले, असं काकूंनी सांगितलं. मला वाटलं होतं आपण खूप रडू. पण ऑफिस होतं, ट्रेन होती, आणि रडणं राहूनच गेलं.

ह्या वसंतात मी एका मंगळवारी रजा घेऊन शेडला गेले. ब्रायन आता काठी घेऊन चालतो. मी पॅनेलसमोर उभी राहिले आणि सवयीनं एकेक नाव फोटोशी जुळवून बघू लागले. ब्रायन. बाकीचे सगळे. पोलिश बाई, बिनचूक स्पेलिंगसह. मी. सगळे आहेत. आणि मग मला दिसलं की काका नाहीत. फोटोत नाहीत, खाली नावांतही नाहीत. फोन त्यांच्या हातात होता, कागद त्यांच्या हातात होता, आणि आम्ही सगळे इतके शहाणे, कुणालाच सुचलं नाही की एक फोटो मी काढते, तुम्ही या इकडे. मी तिथेच उभी राहून रडले. पोटभर रडले.

ब्रायननं मला रडू दिलं. मग खिशातून पेन्सिल काढली. म्हणाला, आम्ही त्यांना नुसतं काकाच म्हणायचो. पूर्ण नाव काय?

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट. त्यानं लिहून घेतलं आणि मी ते तीनदा तपासलं.

इथे मात्र काकांचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते तिथे लागलंय, फोटोखाली, सगळ्यांच्या रांगेत. शेड दर मंगळवारी उघडी असते. जा आणि वाचा.